नाटक-लोककलांना अनुदान देताना या चुका टाळा

एका धर्मादाय प्रतिष्ठानात नाटक, नृत्य आणि लोककलांच्या अनुदानाचं काम मी अठरा वर्षं करते आहे. दर दोन वर्षांनी नवे कार्यक्रम अधिकारी येतात. हुशार असतात, कलेवर प्रेमही असतं, आणि पहिल्याच वर्षी त्याच त्या चुका करतात. सगळ्यात महागात पडलेली चूक माझी स्वतःची आहे आणि तिची किंमत दुसऱ्याने मोजली, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

एप्रिल ते मार्च हेच कलेचंही वर्ष समजणं

ढोलकी फडाच्या, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या मंडळीच्या, तमाशाचा हंगाम दसऱ्याच्या सुमाराला उभा राहतो आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रा आटोपल्या की फड घरी परततो. गुढीपाडव्याच्या आसपास पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावची मंडळी तिथे येऊन आपल्या जत्रेची सुपारी ठरवतात. पण पैशाची खरी ओढ असते पावसाळ्यात. कलावंतांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायची असते, ट्रकचं काम काढायचं असतं, कनाती शिवायच्या असतात, नवा वग, म्हणजे तमाशातलं नाटक, बसवायचा असतो. तेव्हा तिकिटाचा एक रुपयाही येत नसतो, म्हणून फडमालक व्याजाने पैसे काढतो.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका फडाला नवा वग बसवण्यासाठी आम्ही 3 लाख रुपये मंजूर केले. समितीची बैठक फेब्रुवारीत झाली, रक्कम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खात्यावर पडली आणि खर्चाचा तपशील 30 जूनपर्यंत मागितला. त्या दिवसांत फड रोज नव्या गावात होता. तालीम कधी करणार? मालकाने त्या पैशातून उचलीसाठी काढलेलं कर्ज फेडलं आणि मला फोन करून सांगितलंही, की वग श्रावणात बसवतो. आमच्या हिशेब विभागाने ‘मंजूर कारणासाठी खर्च नाही’ असा शेरा मारला आणि वसुलीचं पत्र माझ्या सहीने गेलं. त्याने पैसे परत केले, पुन्हा व्याजाने काढून. तो वग कधीच उभा राहिला नाही.

तेव्हापासून माझ्या टेबलासमोरच्या कालनिर्णयवर आधी कलांचे हंगाम लिहिले जातात, मग समितीच्या बैठका. तमाशाचा पहिला हप्ता आषाढात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर जोर धरतात आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला मंडळ्यांची कार्यालयं त्याआधीच गजबजतात, म्हणून त्यांचे पैसे दसऱ्याच्या आत. बैठकीच्या तारखा यात बसत नसतील तर मी बैठका हलवायला लावते.

यावर हमखास उत्तर येतं, ‘मार्चअखेर पैसे खर्च करण्याचं कायद्याचं बंधन आहे.’ कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीबद्दल हे अर्धंच खरं आहे. कंपनीने प्रकल्पाला ‘चालू प्रकल्प’ म्हणून मान्यता दिलेली असेल, तर न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवता येते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. त्यासाठी कंपनीच्या संचालक मंडळाकडून तसा ठराव करून घ्यावा लागतो. मार्चमध्ये धावपळ करणाऱ्यांनी जूनमध्ये हा एक कागद केलेला नसतो.

नाटक आहे म्हणजे संहिता असणारच, असं धरणं

आमच्या अर्जात एक ओळ होती, ‘संहितेच्या तीन प्रती जोडाव्यात.’ सिंधुदुर्गातल्या एका दशावतारी मंडळीचा, म्हणजे पुराणकथांवरचं लोकनाट्य करणाऱ्यांचा, अर्ज त्या रकान्यात रेघ मारून आला. माझ्या तरुण सहकाऱ्याने तो ‘अपूर्ण’ म्हणून दोनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा मालकांनी फोन केला. ‘मॅडम, लिवलेला काय नाय आमच्याकडे. तोंडार रंग लागलो की भाषण येता.’

ते अक्षरशः खरं होतं. दशावतारात आधी गणपती, सरस्वती, संकासुर हा ठरलेला भाग होतो आणि पुढचं आख्यान नट उत्स्फूर्त संवादांवर उभं करतात. कथानक ठरतं, कोण कोणाची भूमिका करणार ते ठरतं, बाकी सगळं रंगमंचावर घडतं. आम्ही त्यांच्याकडे जे नाही ते मागत होतो. जे होतं, म्हणजे पुराणकथांचा साठा, पेटीवाल्याशी जमलेली नजर, प्रतिस्पर्ध्याचा शब्द उचलून परतवण्याची तयारी, त्याला अर्जात रकानाच नव्हता.

ती ओळ आम्ही काढली. आता माझा नियम एकच आहे, प्रयोग पूर्ण पाहायचा. मंडळीच्या मागोमाग एसटीने जायचं, देवळासमोर बसायचं आणि पहाटेपर्यंत उठायचं नाही. नवे सहकारी दहा मिनिटांची चित्रफीत मागवून टिपण लिहू पाहतात, आणि याचा मला मनापासून राग येतो. दहा मिनिटांत युद्धनृत्य दिसतं. मध्यरात्रीनंतर पेंगुळलेल्या गावाला जागं करणारा नट दिसत नाही, आणि मंडळी चालते त्याच्यावर. ज्यांना जागरण जमत नाही त्यांनी दुसरा विभाग मागून घ्यावा.

तालमीचे पैसे कापणं

प्रायोगिक नाटकांच्या अंदाजपत्रकात नेपथ्य, प्रकाश, नाट्यगृहाचं भाडं हे सगळं मंजूर होतं, कारण त्याची बिलं मिळतात. नटांच्या दोन महिन्यांच्या तालमीवर मात्र काट मारली जाते. मी अंदाजपत्रक खालून वर वाचते. शेवटी ‘मानधन’ या शब्दापुढे शून्य किंवा लाजून लिहिलेला आकडा दिसला, की दिग्दर्शकाला फोन करून तो वाढवायला सांगते. बहुतेकांना आधी विश्वासच बसत नाही.

आणखी काही

शेवटचा हप्ता अहवालानंतर द्यायचा असेल तर तो छोटा ठेवा. मंडळी उधारीवर प्रयोग करते ती त्या हप्त्याच्या भरवशावर.

टीडीएस, म्हणजे रक्कम देतानाच कापायचा आयकर, कापला जाणार असेल तर आकड्यासकट आधीच सांगा.

अर्ज मराठीत घ्या. इंग्रजी सारांश हवा असेल तर तो तुम्ही लिहा, ते तुमचं काम आहे.

प्रेक्षकसंख्येवरून दर्जा ठरवू नका. साठ खुर्च्यांच्या खोलीतलं नाटक साठच माणसं पाहू शकतात.

विश्वस्तांसाठी पहिली रांग राखून मागू नका.

आणि नकार वेळेवर कळवा. ‘बघू’, ‘विचार चालू आहे’, ‘पुढच्या बैठकीत घेऊ’ असं सांगत राहणं हा आमच्या क्षेत्रातला सगळ्यात सोयीचा पळपुटेपणा आहे. आमच्या होकाराची वाट पाहत एका दिग्दर्शिकेने नाट्यगृहाच्या चार तारखा धरून ठेवल्या होत्या. आमचा निर्णय सहा आठवड्यांपूर्वीच झाला होता, फक्त पत्र टंकायचं राहिलं होतं. तिची अनामत गेली. आता बैठक संपली की खोलीतून बाहेर पडण्याआधी मी नकाराचे फोन करते, आणि कारण विचारलं तर सांगते.