सीएआर-टी उपचार घेताना रुग्णाने आणि सोबतच्या माणसाने करायची तयारी

रक्ताच्या कर्करोगावरील इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या साहाय्याने होणारा उपचार) म्हणजे एकच एक औषध नव्हे. लिम्फोमासाठी (लसिका ग्रंथींच्या कर्करोगासाठी) १९९७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड सलाइनमधून दिले जाते आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. सीएआर-टीमध्ये मात्र रुग्णाच्याच टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) काढून, त्या कर्करोगाच्या पेशी ओळखतील असा बदल त्यांच्या जनुकांत करून परत सोडल्या जातात. त्यामुळे तिची तयारीही वेगळी करावी लागते.

डॉक्टरांना प्रथम विचारावे, की उपचाराचा रोख कर्करोगाच्या पेशीवरील कोणत्या खुणेवर आहे. बी पेशींच्या (प्रतिपिंडे बनवण्याशी संबंधित पांढऱ्या रक्तपेशींच्या) ल्यूकेमियात आणि लिम्फोमात ती बहुधा सीडी१९ असते, तर मल्टिपल मायलोमात बीसीएमए. पेशी काढण्यासाठी यंत्राजवळ काही तास पडून राहावे लागते. स्टेरॉइड चालू असेल तर ते टी पेशींना मारक ठरते, म्हणून आधीच सांगावे. परंतु स्वतःच्या मनाने बंद करू नये. पेशी तयार होऊन येईपर्यंत काही आठवडे जातात, आणि तोवर आजार आटोक्यात ठेवण्यासाठी मधले उपचार द्यावे लागू शकतात.

पेशी परत देण्यापूर्वी काही दिवस केमोथेरपी दिली जाते. प्रत्यक्ष पेशी देणे इतके थोडक्यात उरकते, की ‘एवढ्यासाठीच का हा खटाटोप?’ असे वाटावे. खरी परीक्षा त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत असते. टी पेशी कामाला लागल्या की शरीरात सायटोकाइन या दाह वाढवणाऱ्या द्रव्यांचा लोंढा येतो. ताप चढतो, रक्तदाब उतरतो, धाप लागते. त्यावर टोसिलिझुमॅबसारखी औषधे आहेत, मात्र ती वेळेवर मिळायला हवीत. थर्मामीटर ३८ अंश सेल्सिअस दाखवू लागला, की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक होय. रात्र असली तरी लगेच रुग्णालयाला कळवावे.

मेंदूवरील परिणाम सोबतच्या माणसाच्याच आधी लक्षात येतात. यासाठी एक साधी वही पुरते. रुग्णाने तीत रोज एकच वाक्य लिहावे आणि शंभरपासून दहा-दहाने उलटे आकडे मोजून दाखवावेत. काल सरळ आलेली ओळ आज वाकडीतिकडी झाली, अक्षरे एकमेकांवर चढली, ओळखीच्या वस्तूचे नाव आठवेना, तर ‘थकवा असेल’ म्हणून सोडून न देता तत्काळ डॉक्टरांना कळवावे. गाडी चालवणे कधी सुरू करायचे आणि रुग्णालयाजवळ किती दिवस मुक्काम करायचा, हे उपचार करणाऱ्या चमूकडून लेखी घ्यावे.

सीडी१९ वरील उपचारात निरोगी बी पेशीही नष्ट होतात, त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका पुढे अनेक महिने राहतो. रक्तातील इम्युनोग्लोब्युलिनची (प्रतिपिंडांची) तपासणी वेळच्या वेळी करून घ्यावी, आणि कोणतीही लस, विशेषतः जिवंत जंतूंची, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.