लपायला जागा कुठाय? (बारच्या कामावर नव्यानं येणाऱ्यांसाठी)

बेळगावातल्या एका हॉटेलच्या बारवर लागलो, त्या पहिल्याच महिन्यात माझा ओल्ड फॅशन्ड परत आला. मी त्यात शेल्फवरची सगळ्यात स्वस्त व्हिस्की घातली होती. आमचे सिनियर अण्णा ग्लास नाकाशी नेऊन म्हणाले, "काय ओतालास बे हे? यात लपायला जागा कुठाय?"

ते वाक्य मला अजून पुरतंय. ओल्ड फॅशन्डमध्ये ६० मिली व्हिस्की, थोडी साखर, बिटर्सचे (कडू अर्काचे) दोन-तीन शिंतोडे आणि बर्फ. बाकी काही नाही, म्हणजे व्हिस्कीचा दोष सरळ जिभेवर. तेच रम आणि कोला घ्या. साखर, लिंबू, फेस, सगळे मिळून बाटलीला सांभाळून घेतात. तिथं महागडी रम ओतणं म्हणजे पैसे नाल्यात, मधल्या दराची चालते. गिऱ्हाईकानं महागड्या सिंगल माल्ट व्हिस्कीमध्ये कोला मागितला तर मात्र मुकाट्यानं द्यायचा. त्याचे पैसे, त्याची जीभ.

पण 'मधली चालते' याचा अर्थ 'कसलीही चालते' असा नाही. तपासायची रीत सोपी आहे. ३० मिली दारूत तेवढंच साधं पाणी घाला, बर्फ नको, आणि वास घ्या. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये बहुतेक वेळा ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. त्या झणक्यात खोट कळत नाही, पाणी घातलं की वर येते. रंग काढायच्या थिनरसारखा वास आला तर ती बाटली कोलातसुद्धा नको. टकीला घेताना लेबलवर 'शंभर टक्के अगावे' (टकीला ज्यापासून करतात ती वनस्पती) लिहिलंय का बघा. नसेल तर त्यात ४९ टक्क्यांपर्यंत दुसऱ्या साखरेचा माल असू शकतो, आणि मार्गारिटा या टकीलाच्या कॉकटेलमध्ये तो कळतो.

खर्चाचा हिशोब मालकासमोर असा मांडायचा: ७५० मिलीची बाटली हजार रुपयांनी महाग असली, तर ६० मिलीमागं ८० रुपये वाढतात. ज्या ड्रिंकमध्ये ते ८० रुपये गिऱ्हाईकाला चवीत सापडतील, तिथंच ती बाटली उघडायची.

आपल्या भागातला एक गैरसमज म्हणजे गोव्याहून चोर्ला घाटातून आलेली बाटली 'भारी' असते. अहो, स्वस्त असते ती कराच्या फरकामुळं. त्याचा दर्जाशी काय संबंध? बारमध्ये तर ती आणायचीच नाही. आपला माल केएसबीसीएलकडूनच (कर्नाटक सरकारचं दारू पुरवणारं महामंडळ) यायचा. एक्साइजवाले आले तर नोकरी तुमची जाते, मालकाची नाही.

सगळ्यात जास्त नासधूस होते ती व्हर्मूथची. ती वाइन आहे, हे नवीन पोरांना कोणी सांगतच नाही. उघडली की फ्रिजमध्ये ठेवायची आणि महिनाभरात संपवायची. आमच्याकडं ती जिनच्या शेजारी, दिव्याखाली, कोण जाणे कधीपासून उघडी होती. मार्टिनी म्हणजे जिन आणि व्हर्मूथ. जिन चांगली घेऊनही ती आंबूस का लागते म्हणून मी जिनच बदलत बसलो होतो. अण्णांनी झाकण काढून एकदाच हुंगलं, बाटली बेसिनमध्ये उलटी केली आणि मला म्हणाले, "नवी येईस्तोवर मार्टिनी नाही म्हणून सांग."