जँगोमध्ये लॉगिन का होत नाही? या चुका टाळा

जँगो या मुक्तस्रोत फ्रेमवर्कवर (संकेतस्थळे उभारण्याच्या तयार चौकटीवर) बांधलेल्या संकेतस्थळावर लॉगिन अडले, की पडद्यावर बहुतेक वेळा एकच मजकूर दिसतो: योग्य युजरनेम आणि पासवर्ड द्या. पासवर्ड चुकलेला असो, त्या नावाचे खातेच नसो किंवा खाते निष्क्रिय करून ठेवलेले असो, मूळ बॅकएंड (ओळख तपासणारा भाग) वापरल्यास ऑथेंटिकेट() हे फंक्शन तिन्ही प्रसंगी ‘नन’ हे रिकामे मूल्यच परत करते. हे मौन जाणीवपूर्वक पाळलेले आहे. खाते अस्तित्वात नसले तरी जँगो दिलेल्या पासवर्डचा हॅश (मूळ पासवर्ड परत मिळू नये असे त्याचे रूपांतर) एकदा काढतेच, म्हणजे उत्तराला लागणाऱ्या वेळेवरून कोणाला खात्याचा सुगावा लागू नये. म्हणून कारण कळावे यासाठी हा संदेश सविस्तर करण्याच्या फंदात पडू नये; ओळख पटते का, सेशन (लॉगिन लक्षात ठेवणारी नोंद) तयार होते का आणि पुढच्या रिक्वेस्टबरोबर कुकी (त्या सेशनची ब्राउझरने जपलेली खूण) परत येते का, हे एकेक करून आतून तपासावे.

पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो

सर्वांत आधी डेटाबेसमधील पासवर्डचा रकाना उघडून पाहावा. मूळ सेटिंग्ज तशाच असतील तर तेथील मजकूर ‘पीबीकेडीएफ२_एसएचए२५६’ या नावाने सुरू होतो आणि डॉलरच्या चिन्हाने अलग केलेले अल्गोरिदम, हॅश काढण्याच्या फेऱ्यांची संख्या, सॉल्ट (पासवर्डमध्ये मिसळलेला यादृच्छिक मजकूर) आणि हॅश असे चार भाग त्यात दिसतात. त्याऐवजी साधा वाचता येणारा पासवर्ड दिसला तर दोष नोंदणीच्या कोडमध्ये आहे. क्रिएट_यूजर() ऐवजी नुसते क्रिएट() वापरले, किंवा स्वतः लिहिलेला मॉडेलफॉर्म (डेटाबेसच्या रकान्यांवरून बनणारा फॉर्म) थेट सेव्ह केला, की पासवर्ड जसाच्या तसा साठवला जातो आणि लॉगिनच्या वेळी जँगो त्याला हॅश म्हणून ओळखत नाही. ही चूक केवळ लॉगिन अडवत नाही, तर लोकांचे पासवर्ड उघडे पाडते. त्यामुळे कोड सुधारल्यावर अशा सर्व खात्यांचे पासवर्ड नव्याने ठरवून घेणे आवश्यक आहे.

याची उलटी बाजूही आढळते. मेक_पासवर्ड() ने हॅश काढून तोच पुन्हा सेट_पासवर्ड() कडे दिला, तर हॅशचा हॅश होतो. रकाना दिसायला अगदी निर्दोष, पण खरा पासवर्ड कधीच जुळत नाही. शिवाय सेट_पासवर्ड() स्वतःहून डेटाबेसमध्ये काही लिहीत नाही, त्यानंतर सेव्ह() करावेच लागते. शंका असल्यास जँगोच्या शेलमध्ये (कोडच्या ओळी थेट चालवण्याच्या जागी) ते खाते घेऊन चेक_पासवर्ड() चालवावे. उत्तर ‘ट्रू’ आले, तर पासवर्डचा संशय सोडून खाते सक्रिय आहे का हे सांगणारे इझ_अॅक्टिव्ह हे फील्ड पाहावे. ईमेलने पडताळणी होईपर्यंत खाते निष्क्रिय ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर अनेकदा गाडे येथेच अडलेले असते.

युजरनेम म्हणून ईमेल वापरत असाल तर लहान-मोठ्या अक्षरांकडेही लक्ष द्यावे. जँगोचे नॉर्मलाइझ_ईमेल() फक्त ‘अॅट’ चिन्हापुढचा डोमेनचा भाग लहान अक्षरांत करते, आधीचा भाग तसाच ठेवते. त्यामुळे तो भाग लॉगिनच्या वेळी वेगळ्या अक्षरांत लिहिला, तर खाते सापडेलच असे नाही.

लॉगिन होते, पण लगेच पुन्हा लॉगिनचेच पान येते

या तक्रारीत पासवर्डचा काहीही संबंध नसतो, तरी माणसे तासन्तास पासवर्डच बदलत बसतात. ऑथेंटिकेट() केवळ ओळख पटवते. सेशनमध्ये नोंद करण्याचे काम लॉगिन() करते, आणि स्वतःच्या व्ह्यूमध्ये (रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या फंक्शनमध्ये) नेमके तेच राहून जाते. व्ह्यूचे नावही ‘लॉगिन’ ठेवले तर आयात केलेले फंक्शन झाकले जाते आणि व्ह्यू स्वतःलाच हाक मारतो.

कोड बरोबर असेल तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘सेशनआयडी’ ही कुकी शोधावी. कुकी फक्त एचटीटीपीएसवर वापरण्याचे सेशन_कुकी_सिक्युअर हे सेटिंग चालू असून संकेतस्थळ साध्या एचटीटीपीवर उघडले असेल, तर सर्व्हरने पाठवलेली कुकी ब्राउझर स्वीकारत नाही. लोकलहोस्टला (संगणकाच्या स्वतःच्याच पत्त्याला) काही ब्राउझर सूट देतात, त्यामुळे विकासाच्या संगणकावर सुरळीत चालणारे लॉगिन नेटवर्कवरील आयपी पत्त्यावरून उघडताच बंद पडते.

लॉगिन कधी टिकते, कधी नाही, असे होत असेल तर सीक्रेट_की (सेशनची वैधता ताडण्यासाठी वापरली जाणारी गुप्त किल्ली) पाहावी. ती सर्व्हर सुरू होताना यादृच्छिक तयार केली जात असेल, तर एका प्रोसेसने दिलेले सेशन दुसऱ्या प्रोसेसला अवैध वाटते आणि प्रत्येक रीस्टार्टला सर्वजण बाहेर पडतात. सेशन लोकल मेमरी कॅशमध्ये ठेवल्यासही असेच घडते, कारण ती कॅश प्रत्येक प्रोसेसची वेगळी असते.

लॉगिन फॉर्म पाठवताच ४०३ (परवानगी नाही) हा संकेत आला तर तो सीएसआरएफ पडताळणीचा, म्हणजे फॉर्म परक्या संकेतस्थळावरून आलेला नाही ना या तपासणीचा, नकार असण्याचीच शक्यता अधिक. जँगो ४.० पासून सीएसआरएफ_ट्रस्टेड_ओरिजिन्स या विश्वासू पत्त्यांच्या यादीतील प्रत्येक पत्त्यापूर्वी एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस लिहिणे सक्तीचे आहे, आणि जुने प्रकल्प अद्ययावत करताना हे हमखास राहते.

तपास करताना आलेला पासवर्ड लॉगमध्ये छापून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण लॉगच्या प्रती किती ठिकाणी जातात याचा पत्ता लागत नाही. त्यासाठी यूजर_लॉगिन_फेल्ड हा सिग्नल (घटना घडताच जँगो कोडला देते ती सूचना) आहे. प्रत्येक अयशस्वी प्रयत्नाला तो युजरनेम हाती देतो, आणि पासवर्डच्या जागी फक्त तारांकने पाठवतो.