सागाची रेघ शून्यातून उगवली तेव्हा: मॉरिशसच्या लाकूड-आयातीचे आकडे कसे वाचावेत

मॉरिशसमध्ये हार्डवूड किती आणि कधीपासून येतं हे शोधायचं असेल, तर कॉमट्रेडच्या (संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-आकडेवारीच्या) साइटवर जाऊन सरळ सागाचा कोड टाकू नका. मी तेच केलं होतं.

मी पोर्ट लुईला एका फर्निचर कारखान्यात खरेदी बघतो. मालकांना गेल्या तीस वर्षांच्या आयातीचा आलेख हवा होता. दोन रात्री जागून केला, रंगीत प्रिंटही काढली. त्यात सागाची रेघ वर्षानुवर्षं शून्यावर झोपलेली आणि अगदी शेवटी ताडकन उठून उभी. मालक खूश. "मागणी बघा कशी वाढलीय!" मला मात्र काहीतरी खटकत होतं, कारण आमच्याच गोदामात त्याच्या कितीतरी आधीच्या सागाच्या फळ्या पडून होत्या.

भानगड अशी होती. कस्टम्सच्या एचएस कोडमध्ये (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत, जिच्या दर काही वर्षांनी नव्या आवृत्त्या निघतात) चिरीव लाकडाचा क्रमांक ४४०७, म्हणजे सहा मिलिमीटरपेक्षा जाड लाकूड. त्यात सागाला स्वतःचा खण, ४४०७.२३, मिळाला तो २०२२ च्या आवृत्तीत. त्याआधी कित्येक वर्षं तो ४४०७.२९ मध्ये, 'इतर उष्णकटिबंधीय' नावाच्या अडगळीत होता. त्याहून मागे, १९८८ च्या पहिल्या आवृत्तीत, तो ४४०७.२१ मध्ये मेरांटी आणि केरुइंग या आग्नेय आशियाई लाकडांच्या मांडीला मांडी लावून बसलेला, आणि तेव्हा ४४०७.२३ होता महोगनी आणि बाल्साचा. नंबर तोच, लाकूड भलतंच!

म्हणून सुरुवात एकेका जातीपासून नको. आधी सगळ्या हार्डवूडची बेरीज काढा: ४४०७.२ ने सुरू होणारे सगळे खण अधिक ४४०७.९ ने सुरू होणारे सगळे. ४४०७.१ चं कुटुंब पाइन वगैरे सूचिपर्णी लाकडांचं, ते सोडून द्या. हार्डवूड म्हणजे हाताला कठीण लागणारं लाकूड नव्हे. ज्याला नखाने ओरखडा काढता येतो तो बाल्साही हार्डवूडच, कारण झाड रुंदपर्णी. आवृत्त्या बदलतात त्या वर्षी (१९९६, २००२, २००७, २०१२, २०१७, २०२२) आलेखावर पेन्सिलीने उभी रेघ मारून ठेवा. देश नवी आवृत्ती उशिराही लागू करू शकतो, तेव्हा डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये कोणती आवृत्ती लिहिली आहे तो रकाना बघा. सगळे बघायचा कंटाळा करतात तो नेमका हाच.

१९८८ च्या मागे जायचं तर एफएओस्टॅट, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आकडेवारी, बरं. तिथे रुंदपर्णी चिरीव लाकडाची आयात १९६१ पासून घनमीटरमध्ये मिळते. ओळीने चार-पाच वर्षं तोच आकडा दिसला, तर लाकूड तेवढंच आलं असं समजू नका. आकड्याशेजारची खूण वाचा, तो बहुधा अंदाज असतो.

आता मापाचं. कॉमट्रेडवर कधी किलो दिसतात, कधी घनमीटर. दोन्ही असतील तर किलोंना घनमीटरने भागा. वाळलेल्या सागाचं उत्तर साधारण ६५० च्या आसपास यायला हवं, मेरबाऊ या जड लाकडाचं ८०० च्या पुढे. १,९०० आलं तर समजा कारकुनाचा हात घसरलाय. असलं लाकूड पृथ्वीवर नाही. घनफुटात विचार करायची सवय असेल तर घनमीटरना ३५.३ ने गुणा.

जुन्या ब्रिटिश काळच्या नोंदींत मात्र आणखी एक गोम आहे. आमची रत्नागिरीला वखार होती. बाबा ओंडक्याच्या पोटाला दोरी गुंडाळायचे, ती चौपट दुमडायचे आणि त्या लांबीचा वर्ग करून ओंडक्याच्या लांबीने गुणायचे. लहानपणी मला ती जादू वाटायची. मोठेपणी हिशेब मांडला तर ओंडका खऱ्या घनफळापेक्षा साडेएकवीस टक्के कमी भरतो. चिरताना भुसा आणि साली जायच्याच, त्यांची सोय आधीच. इंग्रज याला हॉपस माप म्हणत. जुन्या कागदावर 'हॉपस' दिसलं की एका हॉपस फुटाला १.२७ घनफूट धरा.

रुपयांचा आलेख शक्यतो काढूच नका. मॉरिशसच्या रुपयाचं १९७९ मध्ये तीस टक्के आणि १९८१ मध्ये वीस टक्के अवमूल्यन झालं. तेवढंच लाकूड, पण कागदावर दीडपटीहून श्रीमंत. शिवाय आयातीच्या किमतीत जहाजाचं भाडं आणि विमा धरलेला असतो, निर्यात करणाऱ्या देशाच्या आकड्यात नसतो. दोन बाजू ताडून बघताना फरक दिसला की लगेच चोरीचा संशय घेऊ नका. आधी भाडं वजा करा, मग फ्रीपोर्टमधून (करमुक्त बंदर-क्षेत्रातून) पुढे गेलेला माल बघा.

रेघ वाकते ती का, हे कोडमध्ये सापडत नाही. डच इथे १६३८ मध्ये वस्तीला आले आणि १७१० मध्ये कायमचे निघून गेले, तोवर अबनूस तोडून नेत होते. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्या गोतातलं. पुढे उसासाठी रान साफ झालं, आणि लाकूड विकणारं बेट लाकूड विकत घेऊ लागलं. नंतरचं मोठं वळण १९६० च्या अलिक्स आणि कॅरोल चक्रीवादळांचं. शेजारच्या आजींचे पूर्वज मुंबईहून जहाजाने आलेले मराठी गिरमिटिये. त्या कॅरोलची गोष्ट सांगतात तेव्हा हाताने छप्पर उडवून दाखवतात. लाकडी घर गेलं, सिमेंटचं आलं, जुन्या घराची एक खिडकी तेवढी कोंबड्यांच्या खुराड्याला लावलेली आहे. तेव्हा १९६१ पासूनची आकडेवारी वाचताना ध्यानात ठेवा, ती सुरू होते तीच घरं लाकडाकडून काँक्रीटकडे वळत असताना.

मी आलेख पुन्हा केला. सागाची उडी गेली, त्या जागी बेरजेची जरा कंटाळवाणी रेघ आली. मालकांनी ती बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "मग बाहेरून तयार दरवाजे येतात, ते यात कुठे आहेत?" ते यात नव्हतेच. दारं-खिडक्या ४४१८ मध्ये, बरंचसं फर्निचर ९४०३ मध्ये. तिसरी रात्र त्यात गेली.