शनिवारी जमलेला मसाज पुढच्या शनिवारी पण जमावा म्हणून

मसाज शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असेल, शनिवारी पेट्रिसाज (स्नायू कणकेसारखे मळण्याची क्रिया) अगदी झकास जमलेला असतो आणि पुढच्या शनिवारी तोच विद्यार्थी टेबलापाशी उभा राहून विचारतो, अंगठा कुठून वळवायचा होता? आपण लगेच म्हणतो घरी प्रॅक्टिस केली नाहीस. नसेलही केली, पण बऱ्याचदा गडबड आपल्याच टाइमटेबलात असते. त्याच तासाला जे सफाईने येतं ते शिकून झालं असं आपण धरून चालतो, आणि शिकण्यावरचं संशोधन बरोबर याच्या उलट सांगतं.

आधी तास मोडा. 2006 साली सर्जरी शिकणाऱ्या 38 ज्युनियर डॉक्टरांना बारीक रक्तवाहिन्या जोडायला शिकवलं होतं, सेशन सगळ्यांना चारच, पण काहींना चारही एकाच दिवशी आणि बाकीच्यांना आठवड्याला एक. महिन्याभराने परीक्षा घेतली तर आठवड्याला एकवाले सरस. त्याच्या कितीतरी आधी, 1978 मध्ये, ब्रिटनमधल्या पोस्टाच्या कर्मचाऱ्यांना टायपिंग शिकवतानाचा अभ्यास आला, त्यात दिवसाला एकच तास बसणारे एकूण कमी तासांत शिकले, दिवसाला चार तास बसणाऱ्यांपेक्षा. गंमत म्हणजे हे एक तासवालेच सगळ्यात नाराज होते कारण दिवस जास्त लागत होते! म्हणजे बॅच खूश आहे यावरून काही ठरवू नका. पाठीचा सहा तासांचा एकच वर्कशॉप असेल तर त्याचे दीड दीड तासाचे चार तुकडे करा, आणि तुमची बॅच फक्त वीकेंडची असेल तर निदान प्रत्येक वर्गाची पहिली वीस मिनिटं मागच्या आठवड्याच्या कामाला द्या, तेही पुन्हा न दाखवता. आधी त्यांना आठवू दे, चुकू दे, मग दाखवा.

दुसरं म्हणजे मिसळ करा. एफ्लुराज (तळहात सरकवत लांब हात फिरवणं) वीस वेळा, मग पेट्रिसाज वीस वेळा, असं ओळीने केलं की वर्गात सगळं छान दिसतं. 1979 मध्ये शी आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचालींवर प्रयोग केला, त्यात उलटसुलट क्रमाने सराव करणारे सरावात मागे पडले पण दहा दिवसांनी तेच पुढे होते. तर चिठ्ठ्या करा, पोटरी, खांदा, कंबर, मान, आणि चिठ्ठी निघेल तो भाग, निघेल तो स्ट्रोक, म्हणजे हात चालवायचा प्रकार. फक्त अगदी नवख्यांना पहिल्या दिवशी हे करू नका, हाताला आकार येईपर्यंत एकच स्ट्रोक करू द्या, नाहीतर बिचारे गोंधळून जातात. आणि पार्टनर बदलत राहा. ठरलेल्या मैत्रिणीच्याच पाठीवर दोन महिने शिकलेली मुलगी जाड खांद्याचा क्लायंट आला की थबकते, यात तिची काय चूक?

स्ट्रोक दाखवताना पेटनची चार पायऱ्यांची पद्धत वापरून बघा, मेडिकल शिक्षणात चांगली रुळलेली आहे. आधी काहीही न बोलता नेहमीच्या वेगाने करून दाखवायचं, मग सावकाश समजावत, मग विद्यार्थी सांगणार आणि तुम्ही करणार, शेवटी तो बोलत बोलत स्वतः करणार. बहुतेक जण तिसरी पायरी गाळतात आणि खरी मजा तिथेच आहे, कारण तो जे बोलेल तेच आणि तेवढंच करायचं. "हात फिरवा" म्हणाला तर नुसता हात फिरवा, मग त्यालाच कळतं की दिशा, वजन आणि वेग सांगायचा राहिलाच.

आता फीडबॅक. आपल्याला सारखं बोलायची सवय असते, मनगट सरळ, खांदे खाली, कमी दाब, जास्त दाब. असं सतत बोललं की विद्यार्थी तुमच्या आवाजाने चालतो, स्वतःच्या हाताचं ऐकत नाही. वजनाचा साधा काटा घ्या आणि पाच किलो दाब द्यायला सांगा, पण आकडा झाकून ठेवा. आधी त्याने अंदाज सांगायचा, मग आकडा बघायचा, आणि हळूहळू बघणंही कमी करायचं. माणसावर करताना हेच टेबलावरच्या पार्टनरला विचारून, शून्य ते दहात दाब किती वाटला?

थिअरीला परीक्षा हेच औषध, पण मार्कांसाठी नाही. 2006 च्याच दुसऱ्या एका प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्याने 42 टक्के आठवलं, आणि एकदा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा मात्र वाचणारेच पुढे होते! म्हणून मसाज कधी करायचा नाही याची यादी वाचायला देण्यापेक्षा केस द्या. लांबचा प्रवास करून आलेला क्लायंट, एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी, काय कराल? हात न लावता डॉक्टरकडे पाठवायचं, रक्ताची गुठळी असू शकते. हे उत्तर झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे.

तो व्हिज्युअल लर्नर, ही हाताने शिकणारी, असे फॉर्म भरून घेत असाल तर बंद केलेत तरी चालेल, त्या विभागणीप्रमाणे शिकवून फायदा होतो याला 2008 च्या मोठ्या आढाव्यात पुरेसा पुरावा सापडला नाही.

आणि यातलं काही तुमच्या बॅचवर चालतंय का हे तुम्हीच तपासा, दोन गट करा, सगळ्यांना आधी सांगून, एकाला जुनी पद्धत एकाला नवी, तास सारखेच. पंधरा दिवसांनी अनोळखी पार्टनरवर परीक्षा, आणि मार्क देणाऱ्याला कोण कुठल्या गटातला हे माहीत नको. सहा सहा जणांच्या गटातून फार मोठा निष्कर्ष काढू नका, दोनतीन बॅच तरी जाऊ देत. ज्या गटाला मागे ठेवलं त्यांना नंतर नवी पद्धत द्या म्हणजे झालं, फी त्यांनीही तेवढीच भरलीये.