लग्नाच्या फोटोत बॅकग्राउंड ब्लर: अ‍ॅपर्चर उघडण्याआधी

८५ मिमीची लेन्स, एफ १.४ (म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्सचं छिद्र, खूप उघडं; एफ आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं), समोर दोन मीटरवर नवरी. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर एवढ्यात शार्प येणारा पट्टा जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा असतो. चेहरा जरा तिरका झाला की जवळच्या डोळ्याची पापणी न् पापणी दिसते आणि पलीकडचा डोळा धूसर होतो. कानातलं तर पार विरघळून जातं. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर हे कळत नाही, तिथे सगळंच शार्प वाटतं. म्हणून दर दहा-पंधरा फोटोंनंतर डोळ्यावर १०० टक्के झूम करून बघायची सवय पहिल्याच कामापासून लावून घ्या.

हा पट्टा कशाने वाढतो? एफ आकडा दुप्पट केला की दुप्पट होतो. पण तुम्ही दुप्पट लांब गेलात तर साधारण चौपट होतो. अंतराचा हा जोर नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. तो डायल फिरवत बसतो, आणि खरं तर दोन पावलं मागे सरकून काम झालं असतं.

आता ब्लरचं बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. नवरा-नवरी भिंतीपासून एक मीटर पुढे उभे आहेत आणि तुम्ही दोन मीटरवरून ८५ मिमी, एफ १.४ वर फोटो घेताय. त्यांना फक्त भिंतीपासून सहा मीटर पुढे आणा, तुमचं अंतर दोन मीटरच ठेवा आणि एफ २.८ करा. मागची भिंत आधीइतकीच, किंबहुना थोडी जास्तच विरघळते, आणि चेहऱ्याला मिळणारा पट्टा साडेचारचा नऊ सेंटिमीटर होतो. म्हणजे ब्लरही मिळाला आणि दुसरा डोळाही वाचला. लांब लेन्सचंही तसंच. २०० मिमीवर एफ २.८ ठेवून चेहरा फ्रेममध्ये तेवढाच घ्या, म्हणजे पावणेपाच मीटरच्या आसपास उभे राहा. लांबची बॅकग्राउंड ८५ मिमी एफ १.४ पेक्षाही मऊ येते आणि शार्प पट्टा दुप्पट मिळतो. तेव्हा आधी जोडप्याची जागा बदला, मग फोकल लेंथ (लेन्सचा मिमीचा आकडा) वाढवा, आणि अ‍ॅपर्चरला हात सगळ्यात शेवटी घाला.

क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा दीडपट लहान) ५० मिमी एफ १.८ ची लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५ मिमी एफ २.७ सारखं चित्र देते. शिकताना ही जोडणी उत्तम, कारण ती चुका थोड्या पोटात घालते.

दोघांचा फोटो असेल तर पहिला प्रश्न एकच: दोघांचे डोळे तुमच्यापासून सारख्या अंतरावर आहेत का? एक खांदा पुढे आला की डोकी दहा-पंधरा सेंटिमीटर मागेपुढे होतात. त्यांना हलवण्यापेक्षा तुम्हीच एक पाऊल बाजूला व्हा, म्हणजे दोन्ही चेहरे एका पातळीत येतात. ८५ मिमीवर तीन मीटरवरून एफ २.८ ला साधारण २१ सेंटिमीटर मिळतात, एफ ४ ला ३०. कपाळाला कपाळ टेकवलेलं असेल तर एफ २ सुद्धा चालतं.

मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस लॉक करायचा आणि मग फ्रेम हलवायची, ही जुनी सवय इथे घात करते. दोन मीटरवर कॅमेरा १० अंश वळवला तर फोकस डोळ्याच्या तीन सेंटिमीटर मागे जातो. साडेचारच्या पट्ट्यात मागच्या बाजूला आणि पुढच्या बाजूला सव्वादोनच असतात, म्हणून डोळा सॉफ्ट आणि केस शार्प. फोकस पॉइंटच डोळ्यावर नेऊन ठेवा, किंवा आय डिटेक्शन (कॅमेऱ्याने स्वतः डोळा शोधून फोकस करणं) चालू करा. डीएसएलआरवर प्रत्येक फोटोत फोकस एकाच बाजूला सरकत असेल तर दोष तुमचा नसून लेन्स-बॉडीच्या जुळणीचा असू शकतो. मेन्यूतल्या फाइन ट्यूनने तो लग्नाच्या आठवडाभर आधी तपासून घ्या.

जोडपं चालत येतं तेव्हा सिंगल फोकस विसरा. सेकंदाला एक मीटर या संथ चालीतही लॉक आणि शटर यांमध्ये एक दशांश सेकंद गेला तर माणूस दहा सेंटिमीटर पुढे आलेला असतो. कंटिन्युअस फोकस, एफ २.८, १/५०० किंवा वेगवान शटर आणि छोटे छोटे बर्स्ट (बटण दाबून ठेवून सलग काही फोटो).

अंगठीच्या क्लोजअपमध्ये मात्र गणित उलटतं. मॅक्रो लेन्सवर अर्ध्या मापात, म्हणजे १:२ ला, एफ २.८ वर शार्प भाग फक्त एक मिलिमीटरचा असतो. खडा शार्प येतो, कडं नाही. एफ ८ ला तो तीन मिलिमीटरच्या जवळ जातो. इथे ब्लर आपोआपच भरपूर मिळतो, म्हणून बिनधास्त एफ ८ ते ११ ठेवा आणि अंगठीची जी बाजू दाखवायची ती सेन्सरला समांतर करा.

भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर एफ १.४ ला १/१२८०० च्या आसपास शटर लागतं, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचं यांत्रिक शटर १/८००० ला थांबतं. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश आठव्या हिश्शावर आणणारी गडद काच) लावला की १/१६०० वर येता. इलेक्ट्रॉनिक शटरवर ढकलून वेळ मारून नेता येते, पण एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात. हॉलमध्ये शिरताना इलेक्ट्रॉनिक शटर आठवणीने बंद करा.

आणि काही फोटो शॅलो, म्हणजे अरुंद शार्प पट्ट्याचे, घेऊच नयेत, असं आमचं ठाम मत आहे. आई मुलीच्या गालावर हात ठेवते तेव्हा हात, गाल आणि आईचे डोळे तिन्ही लागतात. तिथे ३५ मिमी, एफ ४, दोन मीटर. पट्टा साधारण ८० सेंटिमीटरचा. तीन रांगांच्या ग्रुपला तीच लेन्स एफ ५.६ वर, फोकस चार मीटरवरच्या रांगेवर: अडीच मीटरच्या थोडं पुढून जवळपास नऊ मीटरपर्यंत सगळे शार्प. फक्त कडेच्या माणसांना फ्रेमच्या टोकाला चिकटवू नका, वाइड लेन्स त्यांचे चेहरे ताणते.