ब्लड बोलमधला रडीचा डाव: या चुका टाळा

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत रविवारी दुपारी टीटीचं टेबल रिकामं मिळालं, की आम्ही त्यावर ब्लड बोलचं २६ बाय १५ चौकोनांचं मैदान पसरतो. गेम्स वर्कशॉपने १९८६ साली काढलेला हा अमेरिकन फुटबॉलच्या धर्तीवरचा, बाहुल्या आणि फाशांचा बैठा खेळ. संघ ऑर्क, एल्फ अशा काल्पनिक जमातींचे. त्यात चेंडू कमी आणि हाणामारीच जास्त. भांडणं मात्र ऑर्कची कमी, आमचीच जास्त. कारण गल्ली क्रिकेटचंच: बॅट ज्याची, नियम त्याचे.

पहिली चूक म्हणजे आधी बाहुली हलवायची आणि मग बोलायचं. एका टर्नमध्ये ब्लिट्झ, म्हणजे धावत जाऊन ठोसा, एकच, आणि तो खेळाडू हलवण्याआधी जाहीर करायचा असतो. चार चौकोन पुढे जाऊन एकटा एल्फ दिसला म्हणून "हां, हा ब्लिट्झच होता" हे चालत नाही. मी स्वतः कितीतरी वेळा केलंय, म्हणून सांगतो. ब्लिट्झमधला ठोसासुद्धा एक चौकोन खातो, हेही विसरू नका.

डॉजचा, म्हणजे विरोधकाच्या शेजारून निसटण्याचा, घोळ सगळ्यात मोठा. नवा गडी निघायच्या जागेभोवतीचे विरोधक मोजतो. मोजायचे असतात ते पोचायच्या चौकोनाला खेटून असलेले. ३+ चपळाईचा खेळाडू तिघांच्या गराड्यातून मोकळ्या चौकोनात निसटत असेल, तर फाशावर ३ पुरतात. नव्या जागेशेजारी एक विरोधक असला, तर ४ लागतात.

ब्लॉकचे, म्हणजे शेजारच्याला मारायच्या ठोशाचे, फासे टाकतो हल्ला करणारा, पण त्यातला कुठला धरायचा ही निवड ज्या बाहुलीची ताकद जास्त तिच्या कोचची, म्हणजे तिला खेळवणाऱ्याची. ताकद समसमान असेल तर फासा एकच, मग निवडायचं काय?

घरचं नियमांचं पुस्तक कुठल्या आवृत्तीचं, तेही विचारून घ्या. २०१६च्या आवृत्तीत एका टर्नला टीम री-रोल, म्हणजे फासा पुन्हा टाकायची संघाची सवलत, एकदाच वापरता येई, २०२०च्या आवृत्तीत जास्त वेळा येतो. तोच फासा मात्र दुसऱ्यांदा री-रोल होत नाही. तिरका राहिलेला किंवा टेबलाखाली गेलेला फासा पुन्हा टाकायचा का, हे टॉसआधीच ठरवा. आणि दोघांनी वाचेपर्यंत फासा उचलू नका. यावरून आमच्याकडे दोघं आठवडाभर बोलत नव्हते.

समोरचा स्वतःच्या खेळाडूचं डॉज स्किल, म्हणजे निसटण्याचं खास कौशल्य, विसरला तर? माझ्या मते आठवण करून द्यावी. नियम सांगावा, चाल सांगू नये. आणि लीगमध्ये, म्हणजे तोच संघ सामन्यामागून सामना खेळवताना, कुणाचा जुना थ्रोअर (चेंडू फेकणारा) मेला, तर तेवढ्यापुरतं तरी हसू आवरा. तो परत येत नाही हो.

राहिला वेळ. प्रत्येकाच्या सोळा टर्न, आणि वॉचमन काका नऊला दिवे बंद करतात. जुन्या नियमांत टर्नला चार मिनिटांची मर्यादा होती, ती आम्ही परत आणली. मोबाईलचा टायमर लावायची सूचना माझीच. गेल्या रविवारी पहिल्यांदा वाजला तो माझ्याच टर्नला, आणि चेंडू तेव्हा टचडाऊनपासून दोन चौकोनांवर होता.